लाल रेघेवरचा काल

माझे वडील रिसोडच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावायचे. मुलगा काय करतो, असं कोणी विचारलं की ते सांगायचे, "रेघा मारतो." विचारणारा म्हणायचा, "सरकारी आहे का?"

सरकारी नव्हतो, पण रेघा मात्र मारत होतो. पस्तीस वर्षं मारल्या आणि यंदा निवृत्त झालो. बांधकाम कंपन्यांमध्ये प्लॅनिंग नावाचं एक खातं असतं. तिथला माणूस वीट उचलत नाही, नकाशा काढत नाही, पैसेही देत नाही. कोणतं काम कशाच्या नंतर आणि किती दिवसांचं, एवढंच तो मांडतो. चौकोन काढायचे, बाणांनी जोडायचे. या जाळ्याला नेटवर्क म्हणतात आणि त्यातल्या सगळ्यात लांब साखळीला क्रिटिकल पाथ.

हा अंक दिवाळीचा आहे, म्हणून चकलीवरून सांगतो. भाजणीचं धान्य धुवायचं, वाळवायचं, भाजायचं, गार करायचं, गिरणीत दळून आणायचं, पीठ मळायचं, चकल्या पाडायच्या, तळायच्या. यातलं काहीही मागे-पुढे करता येत नाही. चिवड्याचं तसं नाही, तो सकाळी करा नाहीतर संध्याकाळी. म्हणजे चिवड्याला उसंत आहे. चकलीला नाही. आमच्या आईचं धान्य ढगाळ हवेमुळे एक दिवस वाळलं नाही, तर सगळा फराळ एक दिवस पुढे जायचा, मग लाडू कितीही लवकर वळून झालेले असोत. चकली हा आमच्या घरचा क्रिटिकल पाथ होता. आईला हा शब्द माहीत नव्हता, पण ढग आले की ती चिवड्यावर नाही, धान्यावर लक्ष ठेवायची. मला हे शिकायला पदवी घ्यावी लागली. घराण्यातली पहिली पदवी. कॅल्क्युलेटर शाळेतल्या जोशीबाईंनी स्वतःच्या पगारातून घेऊन दिला होता, तो अजून चालतो.

संगणकावर ही लांब साखळी लाल रंगात येते. बाकीची कामं निळी. लाल कामाला उसंत शून्य.

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी कोलकात्यात काढली. ऑफिस सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये, काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर. आमचे प्रकल्पप्रमुख भादुडी साहेब. त्यांनी माझा चार्ट छापून घेऊन मीटिंगच्या खोलीत भिंतभर लावला होता. आमच्या रिसोडच्या घरात भिंतीवर लावलेला पहिला छापील कागद म्हणजे माझी दहावीची गुणपत्रिका. त्यामुळे छापून भिंतीवर गेलेली गोष्ट खरीच असते, असं मला आतून वाटायचं. भादुडी साहेबांनाही तसंच वाटायचं. त्यांचं कारण वेगळं होतं. छापखर्च त्यांनी मंजूर केला होता.

त्या लाल रेघेची दहशत सांगून खरी वाटणार नाही. शहाण्या माणसाने लाल कामाला आधी मदत करावी, म्हणून ती रेघ शोधली गेली. आमच्याकडे तिचा उपयोग एवढाच की, रेघेवर ज्याचं काम त्याला मीटिंगमध्ये उभं करायचं. त्यामुळे दर बुधवारी दुपारी माझ्या टेबलापाशी माणसं येत. खरेदीखात्याचे घोषबाबू तर चहा घेऊनच येत आणि हळूच म्हणत, "दादा, आमारटा लाल थेके बाद दिन ना!" म्हणजे आमचं काम तेवढं लालमधून वगळा ना. वगळायची युक्ती सोपी असते. दुसऱ्या कोणाचं तरी काम चार दिवसांनी लांबवायचं. मी वगळत नसे. घोषबाबू चहा माझ्यासमोरच पिऊन जात.

तारखांचंही तसंच. पुस्तकात आधी कामं मांडतात आणि शेवटी तारीख निघते. आमच्याकडे तारीख आधी निघायची. बेहालाला एका धर्मादाय संस्थेचं डायलिसिस केंद्र आम्ही बांधत होतो. विश्वस्तांनी सांगितलं, उद्घाटन पोयला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाच्या दिवशी. मी जाळं मांडलं, तर काम त्याच्या पाच दिवस पुढे जात होतं.

भादुडी साहेबांनी चष्मा पुसला. "वानखेडे, तारीख ठरलेली आहे. तुम्ही फक्त ती सिद्ध करा."

या केंद्राचा साइट सुपरवायझर म्हणजे पालबाबू. वय पंचावन्नच्या आसपास, शर्टाच्या खिशात मोजपट्टी, गळ्यात मफलर. कोलकात्याचा हिवाळा आमच्या रिसोडच्या हिवाळ्यासमोर काहीच नाही, पण मफलर नोव्हेंबरात चढला की फेब्रुवारीत उतरायचा. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि घरात कमावते ते एकटेच. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं, तर मी जे केलं ते एक दिवस लवकर केलं असतं का? मी तसं मानत आलो आहे. खात्री नाही.

मी कोलकात्यात आल्याला तेव्हा तीन महिने झाले होते आणि मी मन लावून बंगाली शिकत होतो. रोज दहा शब्द वहीत लिहायचे. पालबाबूंना मीच सांगून ठेवलं होतं, "माझ्याशी हिंदी नको, बांगलाच बोला. त्याशिवाय येणार नाही." त्यांना इतका आनंद झाला की, पुढच्या फोनवर ते मला दर वाक्याला "ओआनखेडेदा" म्हणाले. वहीत मी जे शब्द येत नाहीत ते लिहायचो. जे आधीच येतात असं वाटे, ते कशाला लिहायचे?

गुरुवारच्या मीटिंगआधी मी सगळ्या साइटना फोन करून प्रगती विचारायचो. त्या गुरुवारी पालबाबूंना विचारलं, "तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काय?" पलीकडे मिक्सरचा घरघराट.

"ढालाई? काल!"

"काल?"

"हँ हँ, काल! पाक्का!"

ढालाई म्हणजे काँक्रीट ओतणं, हा शब्द माझ्या वहीत होता. काल हा शब्द वहीत नव्हता. तो तर मला जन्मापासून येत होता. मी संगणकावर लिहिलं: तिसरा स्लॅब, बुधवार, पूर्ण. ते लाल काम होतं आणि ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी झालं होतं. सगळं जाळं पाच दिवसांनी मागे सरकलं आणि पोयला बैशाख आवाक्यात आला. माझा ऊर भरून आला.

मीटिंगमध्ये भादुडी साहेबांनी टाळी वाजवली. संदेश मिठाईचे खोके आले. एक खोका विश्वस्तांकडे गेला, सोबत चार्टची प्रत. घोषबाबूंनी तीन संदेश खाल्ले. मीही दोन खाल्ले. अजून न ओतलेल्या स्लॅबचे ते संदेश होते.

पुढे काय झालं, ते आता सरळ सांगतो. पालबाबू म्हणाले होते की, ढालाई उद्या आहे. बंगालीत उद्यालाही काल म्हणतात आणि कालला तर काल म्हणतातच. बोलणाऱ्याच्या क्रियापदावरून कळतं, नाहीतर ऐकणारा विचारून घेतो. हिंदीतला कल दोन्हीकडे चालतो, हे मला ठाऊक होतं. पण कानावर 'काल' असा लांब आकार पडला की माझं डोकं थेट रिसोडला जातं आणि तिथे काल म्हणजे कालच. शुक्रवारी काँक्रीटच्या पंपाचा पाइप फुटला. शनिवारी दुरुस्ती, रविवारी सुट्टी. स्लॅब प्रत्यक्षात सोमवारी पडला.

मराठीत ओतून झालेल्या स्लॅबलाही 'पडला'च म्हणतात. या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला पुढे फार प्रकर्षाने आठवणार होतं.

पालबाबूंनी सोमवारी ग्रुपवर फोटो टाकले होते. दिवसाला ते तीस-चाळीस फोटो टाकायचे. काँक्रीटचे फोटो एकमेकांसारखेच दिसतात. मी न उघडता अंगठा दिला. भादुडी साहेबांनीही दिला. घोषबाबूंनी जोडलेले हात टाकले.

ओल्या स्लॅबखाली लाकडी बल्ल्यांचे आणि लोखंडी टेकूंचे आधार असतात. आमचे लोक त्याला सेंट्रिंग म्हणतात. ते काढायची घाई करायची नसते. हा स्लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलचं छत, त्याला आम्ही चौदा दिवस धरले होते. माझ्या चार्टप्रमाणे ते चौदा दिवस बुधवारी भरले आणि संगणकाने आपोआप निरोप पाठवला: सेंट्रिंग काढणे, आज सुरू. स्लॅब तेव्हा नऊ दिवसांचा होता.

पालबाबूंनी सेंट्रिंगला हात लावू दिला नाही.

गुरुवारी मीटिंगमध्ये त्यांना स्पीकरवर घेतलं. भादुडी साहेब त्यांच्याशी बंगालीतच बोलले. मला आठवतं तसं सांगतो.

"पालबाबू, काम का थांबलंय?"

"स्यार, ओटा एखोनो काँचा." तो अजून कच्चा आहे, साहेब.

"सिस्टीममध्ये पक्का आहे."

"सिस्टीम तर खाली उभी राहणार नाही ना, स्यार. माझी माणसं राहणार."

खोलीत कोणीतरी खाकरलं. भादुडी साहेबांचा आवाज चढला. "तुम्हीच वानखेडेंना सांगितलंत. काय सांगितलं होतं?"

"काल बोललो होतो, स्यार."

"मग? काल म्हटलंत, त्यांनी काल लिहिलं!"

"हो, कालच म्हटलं मी!"

"बघा, स्वतःच कबूल करतायत," घोषबाबू म्हणाले.

दोघांचंही खरं होतं. पालबाबू कालच म्हणाले होते, मी कालच लिहिलं होतं. सगळी खोली बंगाली आणि त्या शब्दावर एकमत. वाद कशावर आहे, हेच कोणाच्या लक्षात येत नव्हतं. पालबाबू पुन्हा म्हणाले, "स्लॅबच्या कडेला तारीख लिहिलीय, कोणीतरी येऊन बघा." भादुडी साहेब म्हणाले, "स्लॅबवर काय, कोणीही काहीही लिहील." आणि त्यांनी भिंतीवरच्या चार्टकडे बोट दाखवलं.

मीही चार्टकडे पाहिलं. काहीतरी चुकलंय, एवढंच कळत होतं, काय ते कळत नव्हतं. तेव्हा हात वर करून "मला एकदा बघू द्या" म्हणायला हवं होतं. मी नवीन होतो. चार्ट माझा होता. संदेशही मी खाल्ले होते. मी हात खालीच ठेवला.

मीटिंग संपायच्या आत दोन गोष्टी ठरल्या. पालबाबूंना कारणे दाखवा नोटीस, म्हणजे सोमवारी ऑफिसात येऊन नोकरीवरून का काढू नये ते सांगायचं. आणि शनिवारी सकाळी दुसऱ्या साइटवरचा सुपरवायझर पाठवून सेंट्रिंग काढायचं.

संध्याकाळी मी सवयीने घराजवळच्या मिठाईच्या दुकानात गेलो. बायकोला नव्या गुळाचा संदेश आवडायला लागला होता. दुकानदार ट्रे पुसत होता.

"नोलेन गुडेर संदेश?" मी वहीतलं वाक्य म्हटलं.

"शेष." संपला. मग मान वर करून मायेने म्हणाला, "काल आसुन."

काल या. मी "बरं" म्हणून वळलो आणि फुटपाथवर थांबलो. काल कसा येणार मी? काल होऊन गेला की. हा माणूस मला काल कसा काय बोलावतोय?

मी परत आत गेलो. "काल म्हणजे कोणता? झालेला की यायचा?"

तो हसला. "यायचा, दादा. झालेल्या दिवसाचा संदेश आम्ही विकत नाही."

मी तिथल्या बाकावर बसलो. त्याने मला पाणी आणून दिलं. साखर वाढली असेल, असं त्याला वाटलं.

त्या संध्याकाळीच भादुडी साहेबांना फोन करता आला असता. नाही केला. मनाला सांगितलं, आधी डोळ्यांनी बघून घेऊ. खरं कारण, भीती वाटली. घरातला पहिला पदवीधर चुकला, तर एकटा चुकत नाही. जोशीबाईंचा कॅल्क्युलेटरही चुकतो.

शुक्रवारी सकाळी बेहालाला गेलो. सॉल्ट लेकहून बेहाला म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. दोन बस, मग ऑटो. तीन महिने त्या इमारतीचा एकेक दिवस मी मोजत होतो आणि तिचा जिना पहिल्यांदाच चढत होतो.

पालबाबू तिसऱ्या मजल्यावर, त्या स्लॅबखाली, टेकूंच्या जंगलात खुर्ची टाकून बसले होते. मफलर गळ्यात, नोटीस खिशात. मला बघून उठले नाहीत.

"काढायला आलात?"

"नाही. बघायला."

"बघा. तिकीट नाही."

वर गेलो. स्लॅबच्या कडेला, काँक्रीट ओलं असताना खिळ्याने तारीख कोरली होती. सोमवारची. बांधकामात सगळीकडे कोरतात तशीच. शेजारी कोणा कामगाराने छोटं फूल काढलं होतं. चार-सहा आकड्यांचा तो अहवाल सातव्या मजल्यावरच्या भिंतभर चार्टपेक्षा खरा होता आणि तो वाचायला ऑफिसातून कोणीही आलं नव्हतं. मी धरून.

खाली येऊन मी पालबाबूंना सांगितलं, "आमच्या भाषेत काल एकच असतो. मागचा."

त्यांनी विचारलं, "आर आगामी काल?"

"त्याला उद्या म्हणतात."

"दोन वेगळे शब्द?" त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन दिवसांना दोन शब्द. बडोलोक आपनारा." मोठी श्रीमंत माणसं तुम्ही. मग खिशातली नोटीस काढून माझ्यापुढे धरली. "हे पण दोन अर्थांचं आहे का, ओआनखेडेदा? की एकच?"

मी तिथूनच, टेकूंमध्ये उभा राहून भादुडी साहेबांना फोन लावला. स्लॅब आज अकरा दिवसांचा आहे, म्हणालो. सेंट्रिंग उद्या काढता येणार नाही. पालबाबूंचं बरोबर आहे. अहवाल मी चुकीचा लिहिला. मला काल कळला नाही.

पलीकडून प्रश्न आला.

"काल कळला नाही? मग आज कळला?"

"काल हा शब्दच कळला नाही, साहेब."

समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "विश्वस्तांना संदेश गेलेत, वानखेडे." मिठाईबद्दल म्हणत होते. "आता पाच दिवस कुठून आणायचे? चार्टमध्ये होतील?"

आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाला म्हणालो, "नाही होणार. शनिवारी मी इथे येऊन बसतो. सेंट्रिंग काढायचं असेल तर माझ्यादेखत काढा."

मी शनिवारी जाऊन बसलोही. पालबाबूंनी दुसरी खुर्ची आणवली. दुसऱ्या साइटचा सुपरवायझर आला, त्याने कोरलेली तारीख वाचली, आमच्याबरोबर चहा घेतला आणि निघून गेला. सेंट्रिंग सोमवारी, चौदा दिवस भरल्यावर निघालं. शेवटचा टेकू पालबाबूंनी स्वतः काढला आणि मफलर सारखा करत छताखाली जाऊन उभे राहिले. मला खूण केली. मीही जाऊन उभा राहिलो. स्लॅब पडला होता, पण एकाच अर्थाने.

पाच दिवसांचं काय झालं? पुढच्या गुरुवारी मी चार्ट खरा करून लावला. तारीख पुन्हा पोयला बैशाखच्या पलीकडे गेली. आणि मग चमत्कार झाला. घोषबाबूंनी सांगितलं की, फरशा खरं तर आठवडाभर आधी येऊ शकतात. प्लंबिंगवाल्यांना दोन दिवस सापडले, रंगवाल्यांना तीन. सगळ्यांनी आपापल्या खिशात दिवस दडवून ठेवले होते, लालमध्ये सापडू नये म्हणून. कंपनीत उसंत भरपूर होती, फक्त ती माझ्या चार्टवर नव्हती. उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. लिफ्ट तेवढी चालू नव्हती. विश्वस्त जिन्याने चढले आणि व्यायामाचं महत्त्व या विषयावर बोलले.

माझी वेतनवाढ एक वर्ष थांबली. तक्रार नाही. पालबाबूंची नोकरी राहिली, पण नोटीस मागे घेता येत नाही, असं कार्मिक विभागाने कळवलं. मागे घेण्याचा फॉर्मच नव्हता. ती फक्त 'निकाली' काढता येते आणि त्यासाठी त्यांचं लेखी उत्तर हवं. पालबाबूंनी एका ओळीत दिलं: मी काल म्हणालो होतो. ते स्वीकारलं गेलं. पुढे दोनदा त्यांच्या बढतीच्या वेळी ती फाइल उघडली गेली आणि दोन्हीदा कोणीतरी विचारलं, "हे काय प्रकरण आहे?" दोन्हीदा बढती हुकली. गुरुवारी त्या खोलीत मी हात वर केला असता, तर ती नोटीस निघालीच नसती. मी दोन्ही वेळा लेखी खुलासा पाठवला. तो बहुधा माझ्या फाइलला लागला.

कंपनीने मात्र धडा घेतला. एक समिती बसली. तिच्या शिफारशीवरून प्रगती अहवालात नवा रकाना आला: 'कोणता काल'. मागचा की पुढचा, खूण करा. हा फॉर्म देशभरातल्या सगळ्या शाखांना गेला. चेन्नईच्या प्लॅनिंगवाल्याने मला फोन करून विचारलं, "सर, हा काल म्हणजे काँक्रीटचा कुठला ग्रेड आहे का?" मी सांगितलं, मागच्यावर खूण करत जा. तो अजून करतो.

निवृत्त झाल्यावर, कोलकाता सोडायच्या आदल्या दिवशी बेहालाला जाऊन आलो. केंद्र आता चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये खाटा आहेत, यंत्रं आहेत, नातेवाइकांसाठी बाक आहे. कोरलेली तारीख प्लास्टरखाली गेली, फूलही गेलं. पालबाबू शेजारच्या इमारतीचं काम बघत होते, ते मला भेटायला आले. मफलर होताच. आम्ही बाकावर बसलो. एक बाई नवऱ्याच्या उशाशी संत्रं सोलत बसली होती. आम्ही दोघांनी एकदमच वर छताकडे पाहिलं आणि एकमेकांना तसं बघताना पाहिलं.

"कबे जाच्छेन, दादा?" त्यांनी विचारलं. कधी जाताय?

सहा वर्षांत माझं बंगाली बरं झालं होतं. मी अगदी त्यांच्यासारखं म्हणालो, "काल."

पालबाबूंनी खिशातलं पेन काढलं, हातावर लिहायच्या बेतात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोन काल?"